नायजेरियातली बेकारी ३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आली, म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न असा आहे: "माझा धाकटा भाऊ लागोसजवळ ओटा इथे प्लास्टिकच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. तो सांगतो, भरती निघाल्याचं नुसतं कळलं तरी सकाळी गेटवर पोरांची रांग लागते, त्यात पदवीधरही असतात. इंटरनेटवर मात्र नायजेरियाचा बेरोजगारी दर ४ टक्क्यांच्या आसपास दिसतो. जुन्या बातम्यांत तोच ३३ टक्के आहे. तरुणांचा तर ४२ वरून ७ वर आलेला दिसतो. खरं काय मानायचं? सरकार आकडे फिरवतंय का?"

तुमच्या भावाचं निरीक्षण बरोबर आहे आणि आकडेही कुणी फिरवलेले नाहीत. ३३ आणि ४ ही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत, पण बातम्यांत ती एकाच नावाखाली छापली गेली. मी श्रमबल पाहण्यांवर (श्रमबल म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे मिळून) काम करतो, म्हणजे प्रश्नावली बनवणं, नमुना ठरवणं, घरोघरी माहिती विचारणाऱ्या प्रगणकांना शिकवणं. पश्चिम आफ्रिकेतल्या पाहण्यांशीही या कामामुळे माझा संबंध आला आहे. त्यामुळे थोडं आतून सांगतो.

३३.३ टक्के हा २०२० च्या शेवटच्या तिमाहीचा आकडा, नायजेरियाच्या राष्ट्रीय सांख्यिकी ब्युरोने मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला. तेव्हाच्या व्याख्येत आठवड्याला २० तासांपेक्षा कमी काम करणारा माणूस बेरोजगार धरला जायचा. २० ते ३९ तास काम असेल तर तो अर्धबेकार, आणि ४० किंवा जास्त असेल तर पूर्ण रोजगारी. म्हणजे ३३.३ टक्क्यांत हाताला काहीच काम नसलेले होते आणि आठवड्यात पंधरा तास काम मिळालेलेही होते. २०१५ पर्यंत तर ही रेघ ४० तासांवर होती. असा तासांचा निकष जगात क्वचितच कुठे वापरला जातो.

त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ आकडेच आले नाहीत. या पोकळीत अंदाज बांधले गेले. केपीएमजी या सल्लागार कंपनीने एप्रिल २०२३ मध्ये त्या वर्षासाठी ४०.६ टक्के बेरोजगारीचं भाकीत केलं. आणि ऑगस्टमध्ये ब्युरोने नव्या पद्धतीचा पहिला अहवाल काढला: २०२२ च्या शेवटच्या तिमाहीत ५.३ टक्के, २०२३ च्या पहिल्या तिमाहीत ४.१ टक्के. देशात गदारोळ होणारच होता. कामगार संघटनांनी टीका केली, आणि सामान्य माणसाला ही आपली थट्टा वाटली. मला त्या रागाचं आश्चर्य वाटलं नाही. पण पद्धत बदलण्याचं काम जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या मदतीने आधीपासून चाललं होतं, आणि तांत्रिकदृष्ट्या ते चांगलं झालं आहे. आता वर्षभरात सुमारे ३५,५०० घरांची पाहणी होते, वयाला वरची मर्यादा नाही, आणि व्याख्या जगभर चालते तीच.

ती व्याख्या अशी. गेल्या सात दिवसांत मजुरी, पगार किंवा नफ्यासाठी किमान एक तास काम केलं असेल तर माणूस रोजगारात आहे. बेरोजगार ठरण्यासाठी तीन अटी एकदमच पुऱ्या व्हाव्या लागतात: काम केलेलं नाही, गेल्या काही आठवड्यांत प्रत्यक्ष शोधलं आहे, आणि मिळालं तर लगेच करायची तयारी आहे. यांतली एकही अट सुटली की माणूस बेरोजगारांच्या यादीतून बाहेर पडतो. एक तास ऐकून अनेकांना चीड येते, पण त्यामागे कारण आहे. देशाच्या उत्पादनाच्या हिशेबात त्या एका तासाची कमाईही धरली जाते, म्हणून रोजगाराच्या हिशेबातही तो तास यायला हवा, नाहीतर दोन्ही बाजू जुळत नाहीत. आपल्याकडच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात 'चालू साप्ताहिक स्थिती'चा निकषही एका तासाचाच आहे. त्यामुळे नायजेरियावर हसण्याआधी भारताचा दर कसा निघतो तेही बघावं.

आता हिशेब मांडून बघू. २०२३ च्या पहिल्या तिमाहीत पंधरा वर्षांवरच्या दर १०० नायजेरियन माणसांपैकी जवळजवळ ८० श्रमबलात होते. अहवालातला आकडा ७९.९. त्यांतले ७६.७ रोजगारात. उरले तीन-सव्वातीन, ते बेरोजगार. त्यांना ८० ने भागलं की ४.१ टक्के येतात. १०० पैकी २० जण श्रमबलाबाहेर: शिकणारे, म्हातारे, आजारी, घर सांभाळणारे, आणि शोधून शोधून थकलेले. गणितात काहीही चुकलेलं नाही.

पण हा ८० चा आकडा नीट बघा. जुन्या पद्धतीत १५ ते ६४ वयाच्या सुमारे १२ कोटी २० लाख लोकांपैकी जेमतेम ७ कोटी श्रमबलात होते, म्हणजे सहभाग ५७ टक्के. काही वर्षांत सहभाग ५७ वरून ८० वर कसा जाईल? लोक अचानक कामाला लागले असं झालेलं नाही. २०२० चं वर्ष महामारीचं होतं, हा एक भाग झाला. मोठा भाग प्रश्न विचारण्याच्या पद्धतीचा असतो, आणि हे मी स्वतः पाहिलेलं असल्यामुळे इथे जरा थांबतो.

कानोसारख्या उत्तरेकडच्या शहरात हौसा मुस्लिम कुटुंबातल्या लग्न झालेल्या बाईला तुम्ही विचारलंत, "काम करता का?" तर ती नाही म्हणेल. ती परद्यात राहते, बाजारात जात नाही. पण अंगणात तिची कढई तापलेली असते. शेंगदाण्याचं तेल काढून उरलेल्या पेंडीची कुलीकुली ती तळते आणि मुलं ती थाळीत घालून रस्त्यावर विकून येतात. पैसे तिच्याकडे येतात, शेंगदाणेही तिनेच स्वतःच्या पैशाने मागवलेले असतात. हा रीतसर धंदा आहे. प्रगणकाने पहिल्या 'नाही'वर पुढचं घर गाठलं तर ही बाई श्रमबलाबाहेर गेली. त्याने पुढे विचारलं, "विक्रीसाठी काही तळता, शिवता, विणता का? घरच्या कुणाच्या धंद्यात मदत करता का?" तर ती रोजगारात आली. आपल्याकडे पापड लाटून देणारी बाई "मी घरीच असते" म्हणते, तसंच हे. नव्या प्रश्नावलीत असे खोदून विचारायचे प्रश्न जास्त असतात, म्हणून सहभाग दर वाढतो, आणि भाजक वाढला की बेरोजगारीचा दर आणखी खाली येतो.

सहभाग ८० टक्के ही समृद्धीची खूण समजू नका. बेकारभत्ता नाही, बहुतेकांना पेन्शन नाही, घरात कमावत्या माणसाच्या पगारावर इतरांनी बसून खावं अशी स्थिती थोड्यांचीच. अशा देशात सकाळी उठून काहीतरी विकायला न निघणं परवडत नाही. वाहतूक कोंडीत गाड्यांमधून धावत पाण्याच्या पिशव्या विकणारा मुलगा, छत्रीखाली बसून पीओएस मशीनवर (कार्ड घासायच्या यंत्रावर) पैसे काढून देणारी मुलगी, मोबाइल दुरुस्त करणारा, दुसऱ्याची केके, म्हणजे तीनचाकी रिक्षा, चालवणारा, हे सगळे 'रोजगारात' आहेत.

तरुणांच्या आकड्यात आणखी एक घोळ आहे. ४२.५ टक्के हा जुना दर १५ ते ३४ वयाचा होता. नवा ६.९ टक्के हा १५ ते २४ चा आहे. व्याख्याही बदलली आणि वयोगटही. आफ्रिकी युवा सनद ३५ पर्यंत तरुण मानते, नायजेरियाचं २०१९ चं युवा धोरण २९ पर्यंत, आपलं सर्वेक्षणही २९ पर्यंत. जुन्या गटातले २५ ते ३४ हे नायजेरियात मोठ्या अडचणीत असलेलं वय आहे: शिक्षण संपलं, लग्न लांबलं, घरचे वाट पाहतायत. नव्या ठळक आकड्यात ते तरुण म्हणून दिसतच नाहीत. त्यामुळे ४२ आणि ७ शेजारी ठेवून केलेली कुठलीही बातमी वाचायच्या लायकीची नाही, मग ती सरकारच्या बाजूची असो की विरोधातली.

माझ्या मते सगळ्यांत बोलकी तिमाही पहिलीच आहे, जानेवारी ते मार्च २०२३. त्या वेळी तिथे काय चाललं होतं ते आठवा. मध्यवर्ती बँकेने २००, ५०० आणि १,००० नायराच्या नोटा बदलायला काढल्या होत्या. जुन्या नोटांची मुदत संपत आली, नव्या बाजारात आल्याच नाहीत. बँकांबाहेर रात्रीपासून रांगा, एटीएम कोरडी, स्वतःचेच पैसे काढायला पीओएसवाल्याला भरमसाट कमिशन. मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या नोटा वर्षअखेरपर्यंत चालू ठेवायचा निकाल दिला तेव्हा थोडा श्वास मिळाला. अर्थव्यवस्थेची वाढ आधीच्या तिमाहीतल्या ३.५२ टक्क्यांवरून २.३१ वर घसरली, शेतीचं उत्पादन तर आकसलं. आणि याच तीन महिन्यांत बेरोजगारी ५.३ वरून ४.१ वर आली.

कशी? त्याच अहवालात उत्तर आहे. रोजगारात असलेल्यांपैकी पगारी नोकरीत असणाऱ्यांचं प्रमाण १३.४ टक्क्यांवरून ११.८ वर आलं. स्वतःचा धंदा किंवा शेती करणाऱ्यांचं ७३.१ वरून ७५.४ वर गेलं. पगारी कामाचा वाटा घटला आणि 'आपलं आपण बघा' या प्रकारातलं काम वाढलं. नोकरी गेलेला माणूस शोध थांबवून फुटपाथवर काही मांडून बसला की बेरोजगारीचा दर सुधारतो. संकटाच्या काळात हा दर खाली जाऊ शकतो. ही एक गोष्ट समजली की तुम्ही कुठल्याही गरीब देशाचा बेरोजगारी दर वेगळ्या नजरेने वाचाल.

मग जुनी तासांची पद्धत बरी होती का? नव्या आकड्यांवर चिडलेले बरेच लोक तसं म्हणतात. मला पटत नाही. नव्या पाहणीत त्याच तिमाहीत ४० तासांपेक्षा कमी काम करणारे साधारण एक तृतीयांश, ३३.२ टक्के होते. म्हणजे दोन तृतीयांश लोक आठवड्याला चाळीस किंवा जास्त तास राबतात. तिथे दुखणं तासांचं कमी आणि कमाईचं जास्त आहे.

केकेवाल्याचं उदाहरण घेतो. तिथल्या रस्त्यांवर केके बहुतेक बजाजची किंवा टीव्हीएसचीच दिसते, आणि मोटारसायकल टॅक्सीसाठीही बजाज बॉक्सरलाच पसंती. ओकाडा म्हणतात त्या टॅक्सीला. पुण्याच्या कंपनीची गाडी लागोसच्या तरुणाचा रोजगार चालवते, हे आपल्याकडे फार जणांना ठाऊक नसतं. तर हा केकेवाला पहाटे निघतो. गाडी क्वचितच त्याची स्वतःची असते. मालकाला रोजचा ठरलेला भरणा द्यायचा, नाहीतर हप्त्याने घेतलेली असेल तर आठवड्याचा हप्ता. प्रत्येक नाक्यावर संघटनेच्या नावाने पावती फाडणारी पोरं उभी असतात, त्यांना द्यायचं. पोलीस अडवतात. मग पेट्रोल. उरलं ते त्याचं. मे २०२३ च्या अखेरीस अध्यक्ष टिनुबू यांनी पदग्रहणाच्या दिवशीच इंधनाचं अनुदान संपल्याचं जाहीर केलं. लिटरला २०० नायराच्या आत असलेलं पेट्रोल काही दिवसांत ५०० च्या आसपास गेलं, २०२४ च्या अखेरीस १,००० च्या घरात. जूनमध्ये नायराही मोकळा सोडला, त्याने आयात सुटे भाग महागले. भाडं वाढवलं तर माणसं पायी जातात. हा तरुण आठवड्याला सत्तर तास काम करतो, म्हणजे जुन्या व्याख्येतही पूर्ण रोजगारी आणि नव्या व्याख्येतही. भरणा आणि पेट्रोल वजा जाता त्याच्या हातात काय राहतं, हे दोन्ही आकडे सांगत नाहीत. त्यातून लागोस राज्याने फेब्रुवारी २०२० मध्ये शहराच्या बऱ्याच भागांत ओकाडा आणि केके बंद केल्या, जून २०२२ मध्ये सहा भागांत ओकाडावर पूर्ण बंदी घातली. रस्तेसुरक्षेची कारणं खरी होती, पण ज्यांचा धंदा एका दिवसात बंद झाला ते दुसऱ्या दिवशी दुसरं काहीतरी करायला लागले आणि आकड्यांत रोजगारातच राहिले.

कमाई मोजणं अवघड आहे, हे मी मान्य करतो. वही कुणी ठेवत नाही, घरखर्च आणि धंद्याचा गल्ला एकच, विक्रीतला माल घरीही खाल्ला जातो. म्हणून पाहण्या तास मोजतात, तेवढं सोपं असतं. पण तरुणांच्या रोजगाराबद्दल बोलायचं आणि कमाई सोडून द्यायची, याला काही अर्थ नाही. जुलै २०२४ मध्ये किमान वेतन महिना ३०,००० वरून ७०,००० नायरा झालं, तेव्हाच्या दराने ते ५० डॉलरच्याही खाली होतं. आणि हे किमान वेतन पगारी नोकरीवाल्यांसाठी, म्हणजे आठ-नऊ कामकऱ्यांमागे एकासाठी. बाकीच्यांना ते लागूच नाही.

आता गेटवरच्या पदवीधरांकडे येतो. २०२४ च्या पहिल्या तिमाहीत प्राथमिक शिक्षण झालेल्यांत बेरोजगारी ४.० टक्के होती, तर माध्यमिकच्या पुढे शिकलेल्यांत ९.० टक्के. शिक्षणाबरोबर बेरोजगारी वाढते, कारण बेरोजगार राहायलाही आधार लागतो. ज्याला घरून दोन वेळचं मिळतं तो अर्ज करत थांबू शकतो. तिथला पदवीधर आधी विद्यापीठातल्या संपांमुळे मागे पडतो. २०२२ मध्ये प्राध्यापकांचा संप फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत चालला, आठ महिने सरकारी विद्यापीठं बंद. त्यानंतर तिशीच्या आतल्या पदवीधराला राष्ट्रीय युवा सेवेचं एक वर्ष करावं लागतं. यादवी युद्धानंतर १९७३ मध्ये ही योजना सुरू झाली, दुसऱ्या प्रांतात जाऊन शाळेत किंवा कचेरीत काम करायचं, त्याचा मासिक भत्ता मिळतो. अनेकांच्या आयुष्यातलं नियमित मिळालेलं पहिलं उत्पन्न तेच. वर्ष संपलं, प्रमाणपत्र हाती आलं, आणि त्याच दिवसापासून भत्ता बंद. बेकारीची खरी सुरुवात तिथे होते.

सरकारी नोकरीची आस किती आहे हे १५ मार्च २०१४ ला जगाने पाहिलं. इमिग्रेशन सेवेच्या काही हजार जागांसाठी पाच लाखांहून अधिक तरुणांना देशभरच्या स्टेडियममध्ये परीक्षेला बोलावलं होतं, प्रत्येकाकडून अर्जाचे हजार नायरा घेऊन. अबुजासह अनेक ठिकाणी चेंगराचेंगरी झाली आणि डझनाहून जास्त जीव गेले, त्यांत गरोदर स्त्रियाही होत्या. त्या मैदानात उभ्या असलेल्यांतले बरेच जण आधीच्या आठवड्यात कुठेतरी एखादा तास काम केलेले असणार. आजच्या व्याख्येत ते बेरोजगार ठरले नसते.

रोजगार तयार होण्याचा एक मार्ग मात्र सरकारशिवाय चालतो आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. आग्नेय भागातल्या इग्बो समाजात मुलगा व्यापाऱ्याकडे उमेदवारीला राहतो, ओनित्शा, न्नेवी, आबा किंवा लागोसच्या अलाबा बाजारात. पाच-सात वर्षं पगार नाही, राहणं-जेवण मालकाकडे, दुकान झाडण्यापासून माल ओळखण्यापर्यंत सगळं शिकायचं. मुदत संपली की मालकाने त्याला भांडवल देऊन स्वतःचं दुकान थाटून द्यायचं. सगळे मालक शब्द पाळत नाहीत, शेवटच्या वर्षी चोरीचा आळ घेऊन हाकलून दिल्याच्या तक्रारी सर्रास ऐकू येतात. तरीही हजारो दुकानं अशी उभी राहिली. आणि हा मुलगा आकड्यांत कुठे? आंतरराष्ट्रीय श्रम सांख्यिकी परिषदेने २०१३ मध्ये बिनपगारी उमेदवारीला रोजगारापासून वेगळा प्रकार मानलं. दिवसभर राबणारा हा मुलगा नेमका कोणत्या रकान्यात टाकायचा, यावर प्रगणक प्रशिक्षणात सगळ्यांत जास्त प्रश्न विचारतात.

कारखाने कमी का, हा तुमच्या प्रश्नाचा न विचारलेला भाग. वीस कोटींहून जास्त लोकांच्या देशात ग्रिडवर बहुतेकदा ४,००० मेगावॉटच्या आसपास वीज असते, कारखाने डिझेलवर चालतात, कच्च्या मालाला डॉलर लागतात. कडुनातली मोठी कापडगिरणी २००७ मध्ये बंद पडली. २०२३ मध्ये औषधं बनवणारी जीएसके आणि घरगुती वापराच्या वस्तू बनवणारी प्रॉक्टर अँड गॅम्बल यांनी काढता पाय घेत असल्याचं जाहीर केलं. प्रशिक्षणाच्या योजना येतात आणि जातात. पाच लाख तरुणांना भत्त्यावर काम देणारी एन-पॉवर २०१६ मध्ये आली, ऑक्टोबर २०२३ मध्ये स्थगित झाली. कौशल्य शिकवून झालं तरी ते वापरायला पगार देणारं कुणी हवं, आणि अडतं ते तिथेच.

तुम्हाला नायजेरियातल्या तरुणांची स्थिती वर्षागणिक बघायची असेल तर ठळक दर सोडून अहवालाच्या आतली पानं उघडा. पगारी नोकरीचा वाटा बघा. २०२३ च्या तिसऱ्या तिमाहीतही तो १२.७ टक्केच होता. अनौपचारिक रोजगार २०२४ च्या दुसऱ्या तिमाहीत ९३ टक्के होता. शिक्षण, नोकरी किंवा प्रशिक्षण यांपैकी कशातच नसलेल्या १५ ते २४ वयाच्या तरुणांचं प्रमाण त्याच तिमाहीत १२.५ टक्के, म्हणजे त्याच वयाच्या ६.५ टक्के बेरोजगारी दराच्या जवळपास दुप्पट. यांत शोध सोडून दिलेले आणि लग्नानंतर घरात अडकलेल्या मुलीही येतात, म्हणून हा आकडा मला जास्त भरवशाचा वाटतो. २०२० पर्यंतची मालिका आणि २०२२ नंतरची मालिका एका आलेखावर कधीही जोडू नका.

तुमच्या भावाला एक करता येईल. रांगेतल्या पोरांना "सध्या बेकार आहेस का?" असं न विचारता "गेल्या आठवड्यात काय केलंस आणि त्यातून किती सुटले?" असं विचारायला सांगा. जवळजवळ प्रत्येक जण काहीतरी करत असल्याचं त्याला कळेल, आणि तरीही ते सगळे महिन्याला ठरलेला पगार देणाऱ्या त्या गेटवर का उभे आहेत, तेही.